अर्ध्या अंगणातली गाडी

दोन सख्खे भाऊ एका अंगणात राहत असतील आणि एकमेकांशी बोलत नसतील, तर मधल्या बाईचं काय होतं ते मला विचारा. माझा नवरा थोरला, दीर धाकटा. अंगणाच्या मधोमध दगडांची ओळ. अलीकडे आम्ही, पलीकडे ते, आणि सासूबाईंचं अंथरूण कधी इकडे, कधी तिकडे. हे म्हणायचे, "त्याला सांग, मागचं फाटक लावत जा." दीर समोरच उभे, कान शाबूत, सगळं ऐकलेलं. तरी मी वळून म्हणायचं, भाऊजी, हे म्हणतात फाटक लावत जा. मग तिकडून यायचं, वहिनी, त्याला सांगा, फाटक त्याच्याच गाईने मोडलंय. की मी परत इकडे वळायचं. जावेने एकदा मला विचारलं, ताई, तुमची मान नाही का दुखत. विचारलं कुचकेपणाने, पण मान खरंच दुखायची.

भांडणाला कारण गाडी आणि जमीन, दोन्ही. दिराने तरुणपणी एक वापरलेली डर्ट बाईक आणली होती. दगडाधोंड्यातून पळवायची ती उंच, हडकुळी गाडी. तिचं मडगार्ड चाकापासून हातभर वर. घरच्या गाई विकून आणली, म्हणून दोघांची म्हणायची, पण चालवायचे दीरच. डोंगरावर जायचे, खाली यायचे, गावभर धूळ उडवायचे. एका वळणावर गाडी एकीकडे गेली आणि दीर दुसरीकडे. गुडघा जो मोडला तो पुन्हा वाकला नाही. पुढे सासरे गेल्यावर जमीन वाटली, तेव्हा ह्यांनी खालचं काळं शेत स्वतःकडे ठेवलं आणि वरचं खडकाळ धाकट्याला दिलं. वर चार माणसांत म्हणाले, "तुला तसाही नांगर धरता येत नाही." दीर उठले, काठी टेकत दारापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, "आजपासून तू मला मेलास." एवढंच. त्यानंतर शब्द नाही. ह्यांनी रागारागाने ती गाडी ओढत गोठ्यामागे नेऊन भिंतीला टाकली आणि ती तिथेच राहिली, पावसात नि उन्हात.

काळं शेत घेऊन आम्ही काही राजे झालो नाही. शेत अर्धं वर्ष खायला द्यायचं, उरलेलं अर्धं वर्ष हे खडी क्रशरवर जायचे. दगड फोडायचं यंत्र ते. सकाळी ट्रक वळणावर येतो, माणसं भरून नेतो आणि संध्याकाळी पिठाची पोती आणावी तशी पांढरी माणसं आणून टाकतो. ती धूळ ह्यांच्या छातीत बसली. खोकला लागला की गोठ्याच्या खांबाला धरून उभे राहायचे, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या व्हायच्या. डॉक्टरने फोटो काढला, उजेडात धरला आणि म्हणाला, धूळ बंद करा, नाहीतर पुढे माझ्याकडे येऊ नका, उपयोग नाही. तेव्हा हे क्रशर सोडून घरी बसले. घरी बसलेला पुरुष म्हणजे काय असतो ते सगळ्या बायकांना माहीत आहे.

अशात नळावर मला कळलं की पाण्याच्या पाइपवर माणूस हवा आहे. आमच्या गावाला डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी येतं. वर टाकी आहे, तिथून पाइप उतरतो. उन्हाळ्यात डुकरं पाइप उकरतात, गुराखी भोकं पाडतात, आणि खाली आम्ही रिकामे हंडे घेऊन एकमेकींना शिव्या देत उभ्या. म्हणून रोज वर जाऊन पाइप बघायचा, व्हॉल्व्ह फिरवायचा, जोड आवळायचे. जुना राखणदार थकला, काम सोडून गेला. पाणी योजनेच्या साहेबाने अट घातली की नव्या माणसाकडे स्वतःची गाडी पाहिजे, आणि ती टाकीपर्यंत चढली पाहिजे. बाजाराच्या दिवशी चाचणी. वर जायचं, व्हॉल्व्ह बंद करायचा, म्हणजे गावातला नळ थांबेल. पुन्हा उघडायचा आणि खाली यायचं. दुकानदाराचा मेहुणा आधीच मिशीला पीळ देत होता, कारण त्याच्याकडे नवीकोरी मोटरसायकल होती. ह्या कामात धूळ नाही. उलट डोंगराची हवा. मी हंडा अर्धाच भरला आणि घरी आले.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, गाडी कुठून आणायची, तुझ्या माहेरून? मी नुसती गोठ्याकडे बघत राहिले. त्यांनीही बघितलं. मग म्हणाले, "तो देणार नाही." मी म्हटलं, विचारल्याशिवाय कसं कळणार. तर म्हणाले, "तू विचार."

म्हणजे आलंच माझ्या वाट्याला. मी ओळीपाशी जाऊन उभी राहिले. दीर म्हणाले, वहिनी, त्याला सांगा, गाडी माझी आहे. हे मागून म्हणाले, त्याला सांग, अर्धी. दीर म्हणाले, अर्धी टाकून दिली होती ना, मग ती गंजली, आता राहिली ती माझी अर्धी. असं बराच वेळ चाललं, मी इकडे वळतेय, तिकडे वळतेय. शेवटी सासूबाई निवडायचं सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "करवत आणा, दोन तुकडे करा, आणि एकेक चाक गळ्यात बांधून दोघं भीक मागा." मग कुठे बोलणं मार्गी लागलं. ठरलं ते असं. गाडी दोघांनी दुरुस्त करायची. चालवायची ह्यांनी, कारण दिराचा गुडघा वाकत नाही. इंजिनाची निगा दिराने ठेवायची. पगारात वाटा. आणि दीर म्हणाले, "त्याला सांगा, हे मी त्याच्यासाठी करत नाही. मला घरात बसून कंटाळा आलाय." ह्यांनी ते ऐकलं आणि तंबाखू नसताना थुंकले.

गाडी बाहेर काढली तेव्हा बघवत नव्हती. सीटच्या स्पंजात कोंबडीने अंडी घातलेली. हवेच्या डब्यात गांधीलमाश्यांचं पोळं; एक ह्यांच्या भुवईला चावली, डोळा पार मिटला. टायर भेगाळलेले, चेन नुसता लालभडक गंजाचा दोर. किक मारायला गेले तर किक जागची हलेना. दीर म्हणाले, पिस्टन धरलाय, गंजून आत अडकलाय. प्लग काढून त्या भोकात डिझेल ओतलं, आणि मुरू दे म्हणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक पुढे-मागे ढकलायला लागले. एकाने हँडल धरायचं, एकाने चाक. दोघांच्याही अंगाला घाम, चेहरे वीतभर अंतरावर, आणि बोलणं शून्य. मी नसले की गाडीशी बोलायचे. दीर गाडीला म्हणायचे, आता जरा डावीकडे घे. की हे हँडल डावीकडे घ्यायचे. मी खिडकीतून बघत होते, हसू येत होतं आणि दोघांच्या टाळक्यात काहीतरी हाणावं असंही वाटत होतं.

एकदा आतून कट्ट असा आवाज झाला आणि चाक फिरलं. दिराच्या तोंडावर एक क्षण हसू आलं. त्यांनी वर बघितलं, समोर भाऊ दिसला, आणि हसू गिळलं.

मग दिवसचे दिवस अंगणात तेच. माझी परात डिझेलने भरून चेन तिच्यात बुडवली, न विचारता. मी बोलले तर हे म्हणाले, नवी आणू. आजतागायत आणलेली नाही. कार्बोरेटर दिराने उंबऱ्यावर बसून उघडला, पाय लांब पसरून, कारण दुमडता येत नाही. बारीक बारीक पितळी भोकं होती त्यात, ती वायरच्या एका केसाने साफ केली, एकेक भोक उजेडाला धरून बघितलं. ब्रेक, चाकाच्या तारा, चेन, हे सगळं ह्यांनी केलं. सीटचं कव्हर मी शिवलं, क्रशरच्या जुन्या ताडपत्रीचं; सुई दोनदा मोडली, बोटाला भोक पडलं. जावेने बघितलं नि म्हणाली, शिवण वाकडी गेली ताई. मी म्हटलं, बसणाऱ्याला दिसत नाही.

गाडीची पेट्रोलची टाकी आतून गंजली होती. तिच्यात मूठभर खडी आणि डिझेल घालून हलवायची, म्हणजे खडी गंज खरवडून काढते. हे हलवायला लागले. जड टाकी, वर-खाली, वर-खाली. थोड्या वेळात खोकल्याची उबळ आली. टाकी छातीशी धरून वाकले, थांबेचना. दीर ओळ ओलांडून आले. ह्यांच्या हातातून टाकी हिसकली आणि स्वतः हलवायला लागले. हलवता हलवता मला म्हणाले, "वहिनी, त्याला सांगा, खोकायचं तर लांब जाऊन खोक, टाकीत थुंकी पडेल." हे तसेच वाकलेले, डोळ्यांत पाणी. मी काय सांगणार? हे लांब जाऊन बसले. मला त्या क्षणी दिराचा इतका राग आला की सांगता सोय नाही. पण टाकी संध्याकाळपर्यंत त्यांनीच हलवली, दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही.

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. क्रशरच्या इंजिनात ऑइल वेगळं असतं, ते ह्यांना माहीत. ह्या गाडीचं तसं नाही. हिचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, तेच जळता जळता पिस्टनला वंगण करतं. नुसतं पेट्रोल गेलं तर पिस्टन तापून आतल्या आत धरतो, इंजिन खलास. हे दिराने पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून ह्यांना सांगितलं होतं. म्हणून पहिल्यांदा गाडी चालू करताना ह्यांनी आठवणीने डब्यातल्या पेट्रोलमध्ये ऑइल टाकलं. आणि दिराने आधीच टाकलेलं होतं. दोघांनीही टाकलं, दोघांनीही सांगितलं नाही. किक मारली, गाडी सुरू झाली, आणि असा धूर की गाय दावं तोडून पळाली, जाऊ डोळे चोळत बाहेर आली. फटफट करून गाडी बंद. प्लग काढला तर काळा, ऑइलने निथळलेला.

त्यावर शिव्या झाल्या, अर्थात माझ्यामार्फत. सगळ्या मी पोचवल्या नाहीत. मग दिराने नियम काढला. ऑइल तेच मिसळणार, दुसऱ्याने हात लावायचा नाही. डबा त्यांच्या बाजूला असेल तर समजायचं, नुसतं पेट्रोल. ऑइल टाकून, हलवून झालं की ते डबा दगडांच्या ओळीच्या ह्या बाजूला, आमच्या अंगणात ठेवतील. आमच्या बाजूला डबा दिसला की ह्यांनी बिनधास्त ओतायचा. विचारायचं काम नाही, सांगायचं काम नाही. दोघांनाही नियम फार आवडला. मला वाटलं, चला, माझ्या मानेला तेवढाच आराम.

आणि खरंच तो नियम चालला. गाडी सुरू झाली. आवाज असा की कानाचे पडदे हलावेत. हे आधी वावरात शिकले, मग ओढ्याच्या दगडांत. दीर बांधावर उभे राहून मला ओरडून सांगायचे, त्याला सांगा, बसू नको, पाय ठेवायच्या दांड्यांवर उभा राहा. मी ओरडून ह्यांना सांगायची. सगळं गाव बघायला, आणि हसायला. पण हे उभे राहून चालवायला शिकले. घरी आले की तोंडावर रंग असायचा. एकदा जेवताना म्हणाले, वर हवा फार चांगली आहे, छाती मोकळी होते. लग्न झाल्यापासून ह्या माणसाने हवेबद्दल काही बोललेलं मला आठवत नाही. मी ताटात वाढत राहिले, पण रडू आलं होतं.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी दिराने गाडीची टाकी पूर्ण रिकामी केली, कारण खालच्या तोटीत कचरा अडकत होता. सकाळी नवं पेट्रोल भरायचं. सकाळ झाली. पेट्रोलचा डबा दिराच्या बाजूला, बरोबर. ऑइलची बाटली बघितली तर तळाला थेंबभर. दीर ऑइल आणायला दुकानाकडे निघाले, पाय ओढत. मी तोवर नळावर गेले होते, कारण साहेबाने बायकांनाही बोलावलं होतं, नळ थांबतो की नाही ते बघायला. म्हणजे घरात निरोप्या नव्हता.

मागे काय झालं ते मला नंतर कळलं. सासूबाई अंगण झाडायला उठल्या. त्या ओळ मानत नाहीत, झाडू सरळ ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत मारतात. डबा मधे आला, म्हणून उचलून बाजूला ठेवला. आमच्या बाजूला. त्यांना नियम कुणी सांगितला होता? हे बाहेर आले, डबा आपल्या बाजूला बघितला, टाकीत ओतला. पत्र्याचा डबा, तोंड अरुंद, ऑइल मिसळल्याचा रंग कुठला दिसतोय, आणि घाई. गाडी तापायला चालू करून ठेवली. तेवढ्यात दीर आले, हातात ऑइलची नवी बाटली. डबा रिकामा, गाडी चालू. त्यांना वाटलं, ह्याने स्वतःकडचं ऑइल टाकलं असणार, मागे नव्हतं का टाकलं. ह्यांनी दिराच्या हातातली बाटली बघितली. त्यांना वाटलं, पुढच्या वेळेसाठी आणली असेल. दोघं समोरासमोर उभे. एक शब्द पुरला असता. टाकलंस का, एवढा. मी तिथे नव्हते, आणि गाडीचा आवाज इतका की गाडीशीही बोलता येईना. हे गेले.

नळावर साहेब खुर्ची टाकून बसला होता. पाणी धो धो वाहत होतं, आम्ही आळीपाळीने हंडे लावत होतो, कारण वाया कशाला. पहिली पाळी ह्यांची. गाडी समोरून गेली तशी दुकानदाराच्या मेहुण्याचं तोंड उतरलं, ते मी डोळे भरून बघितलं. आवाज डोंगराला लागला. चढणीवर बारीक झाला, वळणावर मोठा झाला. बायका म्हणाल्या, तुझा नवरा पोचला गं. मी नळाकडे बघत होते. आता थांबेल, आता थांबेल.

आवाज एकदम किंचाळल्यासारखा झाला आणि तुटला. नळ वाहतच होता.

खूप वेळाने हे गाडी ढकलत उतरले. कोपर सोललेलं, विजारीला गुडघ्यावर भोक. मागचं चाक चालता चालता जाम झालं होतं, म्हणून पडले. साहेबाने घड्याळ बघितलं आणि मेहुण्याला जा म्हणाला. त्याची मोटरसायकल मोठ्या दगडांपर्यंत गेली. पुढे जाईना, म्हणून त्याने ती तिथेच लावली आणि वर चालत गेला. आम्हाला खालून ठिपका दिसत होता. आणि मग माझ्या हंड्यात पडणारी धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मी साहेबाला म्हटलं, गाडी टाकीपर्यंत गेली पाहिजे म्हणाला होतात. हा तर चालत गेला. साहेब म्हणाला, "बाई, नळ थांबला ना? तुमच्या माणसानेही गाडी टाकून चालत जायचं होतं. कुणी अडवलं होतं?" सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. हे मान खाली घालून उभे. तो चढ ह्यांना चालत चढता येत नाही, ते मला माहीत, त्यांना माहीत. पण छातीचं सांगावं कसं? खोकणाऱ्या माणसाला कोण कामावर ठेवणार? दुकानदार हसून म्हणाला, चालायचा कंटाळा आला असेल. आम्ही मूग गिळून घरी आलो.

अंगणात दिराने सिलिंडरला हात लावला आणि झटकन मागे घेतला. किक हलत नव्हती. टाकीचं झाकण काढून बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, वास घेतला. मग माझ्याकडे वळले. "वहिनी, ह्याने ऑइल नाही टाकलं."

हे म्हणाले, "त्याला सांग, डबा माझ्या बाजूला होता."

"त्याला सांगा, मी माझ्या बाजूला ठेवून गेलो होतो."

"त्याला सांग, खोटं बोलतोय. त्याला हेच पाहिजे होतं. मी परत खडी खायला गेलो की ह्याचं पोट भरेल."

दिराच्या हातात पाना होता, तो त्यांनी भिंतीवर मारला, पोपडा पडला. जाऊ आतून ओरडली, भिंत आमची आहे, फोडायची तर त्यांची फोडा. मी मधे उभी, दोन्हीकडे पाठ करता येईना. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "डबा मी सरकवला. झाडत होते." त्या दोघांकडे बघून म्हणाल्या, "मला काय माहीत तुमच्या खुणा? अंगण वाटलंत ते वाटलंत. मी काय अर्ध्याच अंगणात झाडू मारू?" आणि पायरीवर बसून कपाळ बडवायला लागल्या. मी त्यांचे हात धरले. म्हटलं, आई, तुम्ही नका लावून घेऊ. ह्या दोघांना देवाने जीभ दिली ती दात मोजायला. इतकी वर्षं मी दोघांच्या शिव्या वाहिल्या, एकदा नळावर गेले तर दोघांकडून एक शब्द निघाला नाही. दोघं ऐकत होते. हे आत गेले, दीर गोठ्याकडे गेले. माफी नाही, काही नाही. सुंभ जळतो, पीळ जळत नाही.

इंजिन उघडलं तर पिस्टनला उभे ओरखडे, सिलिंडर खरवडलेला. पिस्टन, सिलिंडर दोन्ही नवं लागणार होतं, आणि ते आणलं असतं तरी काम आता मेहुण्याचं झालं होतं. तो रोज सकाळी आमच्या दारावरून जायचा आणि मुद्दाम हॉर्न वाजवायचा.

काही दिवस हे बसून राहिले. मग एका सकाळी मी उठले तर हे बूट घालत होते. क्रशरचे बूट. मी पुढे जाऊन दारात उभी राहिले. म्हटलं, डॉक्टर काय म्हणाला ते विसरलात? शेत विका, गाय विका, मी जाते क्रशरवर, बायकाही असतात तिथे. ओरडले, रडले, बूट हिसकला. त्यांनी शांतपणे बूट परत घेतला. म्हणाले, "बसून खोकलो तरी खोकतोच. निदान घरात काही येईल." मग माझ्या खांद्याला धरून मला दारातून बाजूला केलं. जोर नव्हता हातात. मीच सरकले.

वळणावर ट्रक उभा होता. माणसं चढत होती. हे मागची फळी धरून चढले, अर्ध्यात थांबून दम घेतला, मग वर गेले. तेवढ्यात दीर आले. इतक्या घाईने आलेलं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, तो पाय मागे फेकत, धडपडत. हातात ओलं फडकं, पाणी ठिबकत होतं. माझ्यापाशी येऊन थांबले. हे वर फळीजवळच उभे. दिराने हात वर केला असता तर फडकं पोचलं असतं.

"वहिनी, त्याला सांगा, हे तोंडावर बांध. वाळलं की परत भिजव म्हणावं."

मी म्हटलं, "समोर आहेत. तुम्ही सांगा."

दीर वर बघायला लागले. हेही खाली बघत होते. नजर काढली नाही, एवढं मी बघितलं. दिराचे ओठ उघडले. मला वाटलं, आता निघेल. दादा म्हणतील. नुसतं दादा म्हटलं तरी चालेल. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी ठरवलं होतं, जीभ तुटली तरी आज मी सांगणार नाही. ट्रक हलला. दीर तसेच उभे, तोंड उघडं, हातातून पाणी गळतंय.

मग काय करणार? छाती ह्यांची होती. मी दिराच्या हातातून फडकं ओढलं आणि ट्रकमागे पळाले. धूळ तोंडात, चप्पल मागे राहिली. ओरडले, "भाऊजी म्हणतात, हे तोंडावर बांधा. वाळलं की परत भिजवा." आणि फडकं वर फेकलं. ह्यांनी वाकून झेललं. ट्रक वळण घेताना हळू झाला होता. माझ्या डोक्यावरून मागे, भावाकडे बघत ते म्हणाले, "त्याला सांग, बांधतो."

मी चप्पल शोधून पायात घातली. दीर जिथे होते तिथेच उभे होते, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. तरी माझ्याकडे बघत राहिले, मी जवळ येईपर्यंत. मी त्यांच्या अंगावरून पुढे गेले आणि एक अक्षर बोलले नाही.